काखेतून घेतलेला पट्टा

ताई, तू ज्याला वाचवलंस तो माणूस जिवंत आहे. त्याचा जबडा तारांनी आवळून बांधलाय, एका डोळ्याने अजून नीट दिसत नाही, आणि दातांच्या फटीतून तो नळीने पेज ओढतो. मी वॉर्डाच्या दारातूनच पाहिलं. मला त्याची दया आली नाही. तुला खोटं कशाला सांगू? त्याची बायको पायथ्याशी बसून त्याच्या तळव्यांना तेल चोळत होती आणि माझ्या मनात एकच आलं, की हिचा माणूस आहे आणि आमची ताई नाही.

तू असतीस तर मला तिथंच झापलं असतंस. अख्ख्या वॉर्डाने मान वळवून पाहिलं असतं.

तुझा आवाजच तसा होता. दिग्रसच्या स्टँडवर एसटीत पाय ठेवायला जागा नसायची आणि तू दारातून नुसतं "मांगं सरका" म्हणायचीस, की माणसं भिंतीत शिरल्यासारखी सरकायची. तिकिटं फाडत, गर्दीतून कोपरांनी वाट काढत, अर्धं आयुष्य तू चालत्या गाडीत उभी राहून काढलंस. एकदा ड्रायव्हरने म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला आणि तुझा पुढचा दात दांडीवर आपटून अर्धा तुटला. तो तू कधी बसवून घेतला नाहीस. हसलीस की तो तिरका तुकडा दिसायचा.

आणि तुझा डावा खांदा. त्यावर बॅगेच्या चामडी पट्ट्याने काळा घट्टा पडला होता. वरून कातडी दगडासारखी, आत मात्र आग. ओढणीसुद्धा तू त्या बाजूला सहन करायची नाहीस. मी माझ्या औषधांच्या दुकानातून मलम आणून दिलं, तू एकदा लावलंस आणि उरलेलं कोणाच्या तरी बैलाच्या खांद्याला देऊन टाकलंस.

मी गाडी घेतली तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. चाळिशीत गाडी शिकणारी तुझी धाकटी बहीण, हेच तुला आधी हसू येण्यासारखं होतं. त्यात मी पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तू बसलीस की गाडी टुंग टुंग करायची आणि तुझा पारा चढायचा.

"गाडीत घंटी वाजवाचा हक्क कंडक्टरचा असते," तू म्हणायचीस. "हे कोन मले घंटी देऊन राह्यलं?"

"पट्टा लाव, बंद होते."

"फुगा हाय ना सामोर? तूच तर सांगतलं, धडक बसली का फुगा निंगते म्हनून. मंग पट्टा कायले?"

"तो फुगा म्हणजे उशी नाही, ताई. स्फोट असतो तो. पट्ट्याने तुला जाग्यावर धरून ठेवलं तरच तो कामाचा. नाही तर तू इकडून जाशील, तो तिकडून येईल, आणि तोच तुझी मान मोडेल."

"वीस वरसं उभी राह्यली मी गाडीत. मोडली का मान?"

"दात मोडला."

त्यावर तू तो तुटका दात दाखवून हसलीस आणि भांडण मिटलं, म्हणजे तसंच राहिलं. पुढच्या वेळी तू कुठून तरी एक लोखंडी क्लिप घेऊन आलीस. ती खाचेत खोचली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, घंटी बंद. भाऊजींच्या ओळखीच्या जीपवाल्याने दिली म्हणालीस. मी ती काढून नालीत फेकली. तू तीन आठवडे माझ्या गाडीत बसली नाहीस. मग बसलीस, पट्टाही लावलास, पण तुझ्या पद्धतीने. खांद्यावरून नाही. डावा हात वर करून काखेतून.

मी किती वेळा सांगितलं असेल. तू एकच म्हणायचीस, "जयते तिथं. टुंगटुंग बंद झाली ना? चाल."

कळंबला मामाच्या पोरीचं साक्षगंध होतं. सकाळी दिग्रसहून निघताना तू निळी साडी नेसली होतीस आणि नवरीसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा छातीशी धरला होतास. भाऊजी मागून पाहुण्यांच्या जीपमध्ये येणार होते. मागच्या सीटवर आई बसली, आणि माझ्या लेकीने, ओवीने, तुझ्या मांडीवर बसायचा हट्ट धरला.

"बसू दे तिले माह्यापाशी," तू म्हणालीस. "मी धरतो ना."

"नाही. तिची खुर्ची मागे आहे."

"अवं, माह्या हातातून पोरगी जाईन का? चालत्या गाडीत मी लोकाइचे लेकरं धरले."

"मग मी गाडी काढत नाही."

तू खाली उतरलीस. रस्त्यात उभी राहून मला म्हणालीस, "लहान बहीन हायेस तू, हेडमास्तरीन नोको होऊ." शेजारची माणसं बघत होती. ओवी रडत होती. मी किल्ली काढून मांडीवर ठेवली. ताई, त्या दिवशी मी हरले असते तर आज हे लिहायला हात उरले नसते. पण तूच मागचं दार उघडलंस, ओवीला उचललंस, तिच्या खुर्चीत बसवलंस, पट्टे लावलेस आणि दोनदा हिसका देऊन पाहिलेस. आईचाही पट्टा तूच खांद्यावरून नीट बसवलास. म्हणजे तुला सगळं येत होतं. पुढे येऊन बसलीस, बांगड्यांचा डबा मांडीवर घेतलास आणि स्वतःचा पट्टा काखेतून.

मी म्हटलं, "ताई."

तू म्हणालीस, "चाल."

दारव्हा मागे पडलं. समोरून कापसाने भरलेली ट्रॉली येत होती, आणि तिच्या मागून एक पिकअप बाहेर निघाली. तिच्यातही कापूसच, ताडपत्री फुगलेली. ती आमच्या बाजूला आली आणि आमच्याच बाजूला राहिली. मी ब्रेक मारला, डावीकडे वळवलं. त्या माणसाचं तोंड मला दिसलं. तोंड उघडं होतं.

आवाज मला आठवत नाही, त्याच्या आधीची शांतता आठवते. मग पांढरं काहीतरी माझ्या तोंडावर फुटलं. नाकाचं हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मनगटं भाजली. गाडीत फटाक्यांचा वास भरला आणि पीठ उडाल्यासारखी भुकटी. काचेचा चुरा अंगावर पडतच राहिला. मागे आई एकसुरी कण्हत होती. तिचं गळपट्टीचं हाड पट्ट्याखाली तुटलं होतं. पट्टा नीट लावला तरी हाड तुटतं, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पण तुटलं ते हाडच.

ओवीचा आवाज नव्हता. मला मान वळवता येत नव्हती. मी तिचं नाव घ्यायला गेले आणि तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. मग ती रडली. असं रडणं मी तिच्या जन्माच्या वेळीच ऐकलं होतं.

तुझ्या मांडीवरचा डबा उरलाच नव्हता. फुगा त्याच्यावर फुटला होता. पुठ्ठा चोळामोळा होऊन तुझ्या पोटाशी चिकटला होता आणि बांगड्यांची रेती झाली होती. एकही बांगडी अख्खी नव्हती. तुझ्या दोन्ही तळव्यांत हिरव्या काचा उभ्या रुतल्या होत्या. ज्या जागी तो डबा होता तिथं ओवी बसणार होती. मी ते पाहिलं आणि तूही पाहिलंस.

तुझ्या तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. तू दार लाथेने उघडलंस, मागे गेलीस, रक्ताळलेल्या हातांनी ओवीचे पट्टे सोडवलेस, तिला काढलंस. आईला धरून बाहेर बसवलंस. मला म्हणालीस, "नाक धर. मान मांगं नोको करू." मी तुला विचारलं, "तुले लागलं का?" तू हात दाखवलेस. "काच गेली. आन् खांदा दुखून राह्यला. पाह्य, पट्टा तिथं घेतला नाई तरी तिथंच दुखते."

आणि हसलीस. मीही हसले, ताई. तुटलेल्या नाकाने.

तोवर पाहुण्यांची जीप पोचली होती.

पिकअप आडवी पडली होती. कापूस रस्ताभर सांडला होता, त्यावर डिझेलचा काळा ओघळ वाहत होता. भाऊजींनी आधी आमच्या गाडीचं चेपलेलं नाक पाहिलं, तुझी रिकामी सीट पाहिली. तू गाडीच्या पलीकडे आईपाशी बसली होतीस, त्यांना दिसली नाहीस. ते थेट पिकअपकडे गेले. तो माणूस काचेतून अर्धा बाहेर लोंबत होता. त्याने पट्टा लावलाच नव्हता, स्टिअरिंगने त्याची छाती आधीच फोडली होती. भाऊजींनी त्याला केसांना धरून ओढलं आणि रस्त्यावर आपटलं.

मी भाऊजींना पंचवीस वर्षं ओळखते. शाळेत शिपाई, कोंबडी कापायची म्हटलं तर शेजाऱ्याला बोलावतात. त्यांनी जीपमधून जॅकचा दांडा आणला. पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला आणि कापसावर लाल चूळ टाकल्यासारखं झालं. त्यात दात होते. मग इतरांनीही सुरुवात केली. जे नुसतं बघायला थांबले होते तेही. चपला, लाथा, कोणाच्या हातात बाभळीची फांदी. तो माणूस हातांनी डोकं झाकत होता, मग हात पडले. दोघं जण मोबाईल धरून उभे होते.

तू उठलीस. मी तुझा पदर धरला. "बस ना ताई." तू पदर सोडवून घेतलास. गर्दीत तू कोपरांनी शिरलीस, रोज गाडीत शिरायचीस तशी. माणसं मागे फिरून पाहत होती तोच तू त्या माणसावर वाकलीस, आणि भाऊजींचा दांडा वर होता.

"परभाकर, सोड त्याले."

लग्नापासून तू त्यांचं नाव घेतलं नव्हतंस. उखाण्यातसुद्धा टाळायचीस. दांडा वरच्या वर राहिला. भाऊजींना तू दिसलीस. त्यांना वाटत होतं तू गेलीस.

"मांगं सरका," तू म्हणालीस. "सगळे मांगं सरका. मानूस हाय तो. त्याले आन् माह्या मायले दवाखान्यात न्या आधी."

सरकले सगळे. तुझे रक्ताचे पंजे त्याच्या सदऱ्यावर उमटले होते. तू त्याचं डोकं कुशीवर वळवलंस, रक्त घशात जाऊ नये म्हणून. मग तिथंच, त्याच्या शेजारी, कापसावर बसलीस. मला वाटलं दमलीस.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पायाशी भाऊजी होते, सारखे तुझ्या तोंडाकडे बघत. त्यांच्या बुशकोटावर त्या माणसाचं रक्त होतं आणि ते तुझा पाय धरून बसले होते. तू पांढरी पडत चालली होतीस. कपाळ गार, घामाने चिंब. तुला तहान लागली होती, पाणी मागत होतीस. मधेच म्हणालीस, "ओवी रडली का?"

"रडली."

"मंग बरं हाय."

यवतमाळच्या अलीकडे तू खांदा खांदा करत होतीस. मी चोळत राहिले. तो जुना घट्टा, मला वाटलं, तोच. दवाखान्याच्या दारात तुला उतरवलं तेव्हा तुझी मान माझ्या हातात जड झाली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. मला बाजूला घेऊन बोलली, कारण मला औषधांच्या दुकानाची म्हणून समजेल असं तिला वाटलं. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या तुटून आत गेल्या, प्लीहा फाटली, पोट रक्ताने भरत गेलं. असं रक्त आत साचलं की डाव्या खांद्यात कळ येते. मग तिने विचारलं, "पट्टा काखेतून घेतला होता का?" तुझ्या अंगावर त्याची निळी रेघ उमटली होती म्हणे, जिथं ती असायला नको तिथं. खांद्यावरून असता तर मार खांद्यावर, छातीच्या मधल्या जाड हाडावर वाटला गेला असता. गळपट्टीचं हाड मोडलं असतं कदाचित, आईसारखं. काखेतून घेतल्यावर सगळा मार एका जागी, जिथं बरगड्या बारीक असतात.

"आणि लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "लवकर आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता."

तुझ्यावर मी किती चिडले, ताई. तुला पांढरी साडी नेसवताना, लोक फुलं वाहत असताना, विहारातून आलेले भंते त्रिशरण म्हणत असताना मी मनात तुझ्याशी भांडत होते. तुला दुखत होतं तर सांगायचं होतंस, मी त्या पट्ट्याला मऊ कापड गुंडाळून दिलं असतं. जागा बदलली असती. मागे बसवलं असतं. इतका साधा उपाय होता, आणि आपण फक्त कोण बरोबर यावर भांडत राहिलो. मला ते भांडण जिंकायचं नव्हतं गं.

आणि मग ओवी दारातून धावत यायची, गुडघ्यावर एक निळा डाग तेवढा, आणि माझं भांडण तिथंच थांबायचं. तिच्या खुर्चीचे पट्टे तू दोनदा ओढून पाहिले होतेस. मी त्या हातांचं काय करू?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जेवून गेले आणि भाऊजी अंगणात विळ्याला धार लावत बसले. दगडावर पाणी टाकायचे, घासायचे, अंगठ्याने बघायचे. मी विचारलं, "काय करून राह्यले भाऊजी?"

"तो बरा होऊन राह्यला म्हने. बायको खाऊ घालते त्याले." त्यांनी वर पाहिलं नाही. "तिच्यासामोरच कापतो."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी कोणालाच बोलले नव्हते. तुझ्यावर ठपका येईल म्हणून. पण तो विळा बघून मी बोलले. पट्ट्याचं सांगितलं, काखेचं सांगितलं, खांद्याच्या कळेचं. आणि वेळेचंही.

"म्हंजे?" ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही त्याला मारत होते तेव्हा ताईच्या पोटात रक्त जमत होतं. आणि आहे तेवढा दम तिनं तुम्हाला थांबवण्यात घालवला."

ते उठले. मला मानेला धरून त्यांनी भिंतीशी दाबलं. नाकाचं हाड नुकतंच जुळत होतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. विळा त्यांच्या दुसऱ्या हातात होता, त्याचं पातं माझ्या कानाजवळ होतं. त्यांच्या तोंडातून नुसती घरघर येत होती. आई खाटेवरून उठली. हात झोळीत, चालताही येत नव्हतं तिला नीट. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जवाईबापू," ती म्हणाली, "एक लेक गेली माही. आता हे बी घेता का?"

त्यांचा हात सुटला. विळा त्यांनी विहिरीत टाकला आणि काठावर बसून कपाळ दगडावर आपटायला लागले. रक्त आलं तरी थांबले नाहीत. आईने पुढे होऊन आपला तळहात मधे धरला. पुढचे दोन-तीन घाव तिने हातावर घेतले, मग ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. कपाळावर पट्टी होती. म्हणाले, "गाडी हाय का कोनाची? ठान्यात जायचं हाय."

मामाची गाडी होती. अपघातानंतर मी पहिल्यांदाच हातात घेत होते. भाऊजी पुढे, डाव्या सीटवर बसले. त्यांनी पट्टा ओढला, खांद्यावरून घेतला, खटकन लावला. गाव सुटलं. समोरून एक पिकअप गेली आणि मी गाडी कडेला घेऊन थांबवली. श्वास बसेपर्यंत तसेच राहिलो.

मग त्यांनी विचारलं, "तिनं कुठून घेतलता?"

मी माझा हात वर केला आणि काखेखालची जागा दाखवली. त्यांनी तिथं, स्वतःच्या डाव्या बरगड्यांवर, तळहात ठेवला. खोकला आला तरी हात काढला नाही. ठाणं येईपर्यंत तो तिथंच होता.

आत गेल्यावर हवालदाराला वाटलं, आम्ही त्या पिकअपवाल्याची चौकशी करायला आलोय. गुन्हा दाखल झालाय, चुकीच्या बाजूने आला होता, तो सुटत नाही, असं तो आम्हाला धीर देत होता. भाऊजी उभेच राहिले.

"त्याचं तुमी पाहा," ते म्हणाले. "त्याले दांड्यानं मारलं ते मी. पह्यलं मी मारलं. ते लिहून घ्या."